एकाचीच सोय

१

दुपारची जेवणं झाली की आमची ही टेबल पुसायची आणि ओल पुरती वाळायच्या आत त्यावर नकाशा पसरायची. कोपरे वर उचलले जाऊ नयेत म्हणून मीठदाणी, तिची कात्री, माझ्या चष्म्याचं घर, जे हाताला लागेल ते ठेवायची. मग आम्ही समोरासमोर बसून, अजून न केलेल्या प्रवासातून तासभर फिरून यायचो.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दुकान आमच्याच जिन्याखाली आहे, म्हणून दुपारी वर येता येतं. ही पडदे शिवते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मशीनचा पायटा मारणं बंद झालं. त्यानंतरचं जवळजवळ वर्ष तिने खिडकीत बसून काढलं. विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर गप्प. शेवटी डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, सपाट रस्त्यावर, अगदी आरामात. दुसरं कुणी असतं तर गल्लीत चार फेऱ्या मारून मोकळं झालं असतं. हिने तळ्याला वळसा घालायचं ठरवलं.

तळं म्हणजे समुद्रालगत पसरलेलं लांबच लांब खारं पाणी. वाळूच्या एका पट्ट्याने ते समुद्रापासून तोडलं आहे. भरती-ओहोटी आत पोचते, लाटा पोचत नाहीत. कडेने मातीचा बांध, बांधावर सायकल जाईल एवढी वाट, वाटेत अधूनमधून वस्त्या आणि तिथे उतरायला खोल्या. सकाळी थोडं जायचं, संध्याकाळी थोडं, मधे पाय पसरून पाणी बघत बसायचं, असा तिचा बेत होता.

"शर्यत नाही लावायची आपल्याला," ती म्हणाली. "गोगलगायीने घंटी वाजवून बाजू मागितली पाहिजे."

वर्षभरातला तिचा तो पहिला विनोद. त्यासाठी मी तळंच काय, समुद्राला वळसा घालायला तयार होतो.

कामं वाटून घेतली. रस्ता तिने ठरवायचा, खोल्या मी. फोनवर बोलायचा तिला पहिल्यापासून कंटाळा.

२

पहिल्या वस्तीचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली, मग एका बाईने उचलला.

"बोला."

"खोली हवी होती. दोन माणसं आहेत."

तिच्या मागे कुठेतरी पाणी दगडावर आपटल्यासारखा बारीक आवाज येत होता, चुळूक, चुळूक.

"एकाचीच सोय आहे."

"मोठी खोली असेल तर चालेल आम्हाला. किंवा एक जादा गादी—"

"एकाचीच." आणि फोन ठेवला.

इतकं तुसडेपणाने बोलून ही बाई धंदा कसा करते, असं मनात आलं. हिला सांगितलं, तिथे जागा नाही. तिने नकाशावर बोट पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वस्तीला फोन लावला. ती वस्ती पार तळ्याच्या त्या टोकाला.

"बोला."

तोच आवाज. घोगरट, दमल्यासारखा, शब्द संपल्यावर उरलेला श्वास सोडणारा. मागे तेच चुळूक चुळूक.

माझा धंदा डोळ्यांचा, कानांवर माझा फारसा भरवसा नाही. म्हटलं, असतील सगळ्या खोल्या एकाच घरच्या, एकच बाई फोन घेत असेल. आजकाल एका जागी बसून सगळीकडचे फोन घेता येतात. तरी "दोन माणसं" म्हणताना माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"एकाचीच सोय आहे."

तिसऱ्या वस्तीला लावला तेव्हा मी आधीच चिडलेला होतो. तिने "बोला" म्हटल्याबरोबर मी विचारलं, "सगळीकडे तुम्हीच आहात का हो? मालकांना द्या जरा फोन."

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "तिला पाठवा."

"कुणाला?"

"घरात बसून बसून जिचा गुडघा आखडलाय, तिला."

मी फोन कानापासून दूर धरला. स्वयंपाकघरात ही भांडी घासत होती. नळाचं पाणी पडत होतं आणि फोनमधलं पाणीही ऐकू येत होतं. थोडा वेळ दोन्ही आवाज एकात एक मिसळले आणि कुठला कुठून येतोय ते कळेना.

मग मीच मला समजावलं. पहिल्या फोनवर बोलून गेलो असेन मी, बायकोचं ऑपरेशन झालंय, तळमजल्यावरची खोली द्या वगैरे. मला गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची सवय. बोलून गेलोच असेन.

पण तसं बोललेलं आठवत मात्र नव्हतं.

३

हिला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तिकडची माणसं काही बरी वाटत नाहीत. आपण डोंगराकडे जाऊ या का?"

"सायकलवरून? डोंगरावर?" तिने हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "द्या तो फोन."

तिने पहिल्या वस्तीचा तोच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला. एका पुरुषाने उचलला. मोकळा, हसरा आवाज. हो, खोली आहे. दोघांची आहे. सायकली आत ठेवता येतील. कधीही या, वाऱ्याला सांभाळा तेवढं.

मागे पाण्याचा आवाज नव्हता. कुणाच्या तरी घरातला रेडिओ वाजत होता.

तिने फोन ठेवला. नकाशाची घडी घालायला लागली. घडी चुकली, तिने पुन्हा उलगडून घातली.

"तुम्हाला यायचंच नाहीये."

"अगं, तसं नाही—"

"मी खिडकीत बसले होते तेव्हा तुम्हाला बरं होतं. घरी आलं की बायको जागच्या जागी. सापडली नाही असं कधी झालं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आता मी उठले तर तुमच्या पोटात दुखायला लागलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. फोनवरच्या बाईला चेहरा असता तर तो असाच असता, हा विचार माझ्या मनात आला आणि मला माझीच लाज वाटली.

त्या दिवसापासून ती खिडकीत हातमशीन घेऊन बसली. पडद्याचं उरलेलं पिवळं कापड होतं, मोहरीच्या फुलासारखं पिवळं. त्याचं तिने सायकलवर घालायला जाकीट शिवायला घेतलं. माझ्यासाठीही शिवतेस का, असं मी विचारलं.

"कापड एकाचंच आहे," ती म्हणाली.

४

हिचा धाकटा भाऊ स्कूटर दुरुस्त करतो. प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून घरात सगळे त्याला वकील म्हणतात. आमच्या सायकली तयार करून तो घेऊन आला तेव्हा ही वर मशीनवर होती. मी त्याला दुकानात बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं.

त्याने मला उडवूनच लावलं. "भाऊजी, दिवसभर बारीक भिंगं बघून डोकं फिरलंय तुमचं. एकतर चुकीचा नंबर लावता, नाहीतर ती बाई टवाळ आहे. लावा बघू. मी बोलतो."

मी लावून दिला. वरून मशीनची खटखट येत होती. मधेच दोरा तुटला असावा, कारण खटखट थांबली आणि ही दोऱ्याला काहीतरी बोलली. मग पुन्हा सुरू.

वकिलाने फोन कानाला लावला. "हॅलो, मी तुम्हाला विचारतो, की—" आणि तो थांबला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग त्याने फोन हळूच काउंटरवर उलटा ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा.

"ही चेष्टा आहे का?"

"कसली चेष्टा?"

"ताई आहे ही."

वरची खटखट चालूच होती. आम्ही दोघांनी एकदमच छताकडे पाहिलं.

"काहीतरीच काय," मी म्हटलं.

"माझी बहीण आहे, भाऊजी. अंधारात खोकली तरी ओळखेन मी तिला. आवाज बसलाय, म्हातारा झालाय, पण तीच आहे." त्याने ओठ पुसले. "म्हणाली, तू यात पडू नकोस."

मला तो आवाज ओळखू कसा आला नाही? मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला. रोजच्या माणसाचा आवाज आपण ऐकतच नाही बहुतेक, तो काय म्हणतो तेवढंच ऐकतो. आणि माझ्याशी इतक्या तिरस्काराने ती कधी बोलली नव्हती. निदान खिडकीतल्या त्या वर्षापर्यंत तरी नव्हती.

वकील वर गेला. बहिणीशी वाद घातला. गुडघा, वारा, भरती, सगळी कारणं देऊन झाली. खाली ऐकू येत होतं. शेवटी ही म्हणाली, "ठीक आहे. वळसा नको. उद्या पहिल्या वस्तीपर्यंत जाऊन येते, आणि एकटी जाते. म्हणजे कुणाला त्रास नको."

एकटी. त्या बाईला हेच हवं होतं. मग माझ्यापुढे काही पर्यायच उरला नाही.

"मी येतोय," मी जिन्यावरूनच ओरडलो.

५

सायकली बसच्या टपावर टाकून आम्ही सकाळी निघालो आणि उन्हं तापायच्या आत वस्तीच्या फाट्यावर उतरलो. तिने पिवळं जाकीट चढवलं. छान शिवलं होतं. गळ्यापाशी पडद्याच्या विणीतली पानं दिसत होती. असं दुसरं जाकीट जगात नसणार, मी गमतीने म्हटलं. ती हसली. वारा समोरून येत होता आणि तिच्या गालांवर रंग आला होता, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की आपण उगाच घाबरतोय.

वस्तीतली माणसं दारात उभी होती. आम्ही जवळ आलो की एकेक आत जायचं. कुणी दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

खोल्यांचा मालक मात्र बाहेर आला. फोनवरचा मोकळा आवाज त्याचाच होता, पण आता त्यात हसू नव्हतं. तो आमच्या चेहऱ्यांकडे न बघता सायकलच्या चाकांकडे बघत बोलत होता. त्याने खोली उघडून दाखवली. स्वच्छ खोली. पाण्याच्या बाजूला खिडकी. एक खाट. एक उशी. तांब्यावर पालथा घातलेला एक पेला.

"दोघांची सांगितली होती," मी म्हटलं.

"सांगितली होती. मग बदलली ना तुम्ही."

"कुणी बदलली?"

त्याने मान वर न करता बोटाने हिचं जाकीट दाखवलं. "या येऊन सांगून गेल्या. बांधावरून चालत आल्या होत्या. पायांत काही नव्हतं."

"कधी?" हिने विचारलं.

"काल."

काल दिवसभर ती मशीनवर होती. जाकिटाची शेवटची टीप तिने काल दिवेलागणीला घातली होती, आणि दोरा मी दाताने तोडून दिला होता.

"दुसरं कोणी असेल," ही सहज म्हणाली. "पिवळा रंग काय माझ्या एकटीचा आहे?"

मालकाने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आम्हाला न देता खिशात टाकली. "मुक्काम करू नका," तो म्हणाला. मला नाही, तिलाही नाही, चाकांना.

मी म्हटलं, पुरे झालं, परत फिरू. पण पुढची बस दुपारची होती, आणि ही सायकलवर बसलीसुद्धा होती. "बांधाखालच्या पाण्याच्या मोरीपर्यंत जाऊन येऊ. एवढ्या लांब येऊन पाणी बघायचं नाही का?"

६

बांधाच्या एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला दलदल. दोन्हीकडे माणसाच्या डोक्याइतकी उंच लव्हाळी. वारा तोंडावर आपटत होता, पण लव्हाळी वाऱ्याच्या उलट वाकलेली होती. ती वाऱ्याला पाठ देऊन उभी राहायला हवी होती की नको, हे मी मनात जुळवत राहिलो.

ती पुढे, मी मागे. मी तिला नजरेआड होऊ देणार नव्हतो. पुढे एक वळण होतं, वळणावर बांधाखालून पाणी काढणारी मोरी. ती वळणाला लागली आणि माझ्या सायकलची साखळी पडली.

"थांब गं!" मी ओरडलो. पिवळी पाठ लव्हाळ्यांमागे गेली.

साखळी बसवायला असा किती वेळ लागतो? हात काळे झाले, एकदा निसटली, दुसऱ्यांदा बसली. मी जोरात पायडल मारत वळण ओलांडलं. समोर वाट सरळ होती, आणि बऱ्याच अंतरावर ती चालली होती. संथ, एका लयीत. माझा जीव भांड्यात पडला.

"अहो."

हाक मागून आली. खालून, पाण्याच्या पातळीवरून.

"अहो, इकडे. पाय अडकलाय माझा. गुडघा वाकत नाहीये."

मी ब्रेक दाबला. हा फोनवरचा घोगरा आवाज नव्हता. हा माझ्या घरातला आवाज होता, मोरीवर पाय घसरलेल्या, पाणी नाकात गेलेल्या माणसाचा.

मी मान वळवली. मोरीच्या तोंडापाशी लव्हाळी हलत होती. त्यांच्यामधून एक बाही वर आली. पिवळी. हाताने लव्हाळ्याची काडी घट्ट धरली होती. चेहरा दिसत नव्हता.

मी पुढे पाहिलं. पुढेही पिवळं होतं.

"ए!" मी पुढे ओरडलो. "मागे बघ!"

वाऱ्याने हाक माझ्याच तोंडात परत कोंबली. तरी तिला ऐकू गेलं असावं. ती थांबली, उतरली, सायकल स्टँडवर लावली आणि माझ्याकडे वळली. उन्हात तिचा चेहरा स्वच्छ दिसला. माझ्या बायकोचा चेहरा. तिने हात वर करून मला बोलावलं.

मी ज्यांच्यावर पोट भरतो, त्या डोळ्यांनी तो चेहरा पाहिला. मागे फक्त एक बाही आणि एक आवाज होता, आणि गेले किती दिवस मला नुसत्या आवाजानेच छळलं होतं. मी पुढे निघालो.

"अहो," मागून आलं. आता त्यात भीती नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. "अहो, ती मी नाही."

मी थांबलो नाही. मी तिच्यापर्यंत पोचलो, तिचा दंड धरला. दंड गरम होता, घामाने ओला होता.

"किती मागे राहिलात," ती म्हणाली. "आणि हे हात कशाने काळे केलेत?"

मी तिला घेऊन मोरीपाशी परत आलो. ती नको नको म्हणत होती, तरी मी सायकल टाकून गुडघाभर पाण्यात उतरलो आणि हातांनी लव्हाळी बाजूला केली. काही नव्हतं. पाणी काचेसारखं स्थिर होतं. मोरीतून बारीक आवाज येत होता, चुळूक, चुळूक. मी किती हाका मारल्या कोण जाणे. बांधावर उभी राहून ती मला बघत होती, आणि मी वर आलो तेव्हा तिने माझ्या पँटला लागलेलं शेवाळ वेचून वेचून काढलं.

"चला आता," ती म्हणाली. "बस चुकेल."

७

तळ्याला वळसा घालायचा बेत तिने पुन्हा काढला नाही. नकाशा कपाटात गेला. ती पायऱ्या भराभर चढते-उतरते, मशीनचा पायटा पूर्वीसारखा मारते. स्वयंपाक करताना गुणगुणते. शेजारीण म्हणाली, समुद्राची हवा मानवली हो तुमच्या हिला. मी हो म्हटलं. माझ्याशीही ती गोड बोलते. खिडकीतल्या वर्षाबद्दल एकदाही काही म्हणाली नाही.

मधे वकील कामासाठी बाहेरगावी होता. आल्या आल्या तो भेटायला आला, तेव्हा भर दुपार होती. मी त्याला बांधावरचं काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. बहीण-भाऊ समोरासमोर बसले, चहा झाला, लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. शाळेतलं भांडण, वडिलांनी घराबाहेर काढलेली मांजर, कुणाच्या तरी लग्नात हरवलेली चप्पल. तो एक सांगायचा, ती दोन सांगायची. कुणी कुठल्या रंगाचं काय घातलं होतं तेसुद्धा. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वकील आधी हसत होता. मग तो नुसता विचारायला लागला, आणि मग विचारायचाही थांबला. त्याचा अर्धा चहा तसाच राहिला.

मी त्याला सोडायला खाली गेलो. जिन्याच्या मधल्या वळणावर त्याने माझा हात धरला.

"सगळं बरोबर सांगितलं तिने," तो कुजबुजला.

"मग?"

"ताईला यातलं निम्मंही आठवत नसे. मीच आठवण करून द्यायचो आणि ती म्हणायची, असेल बाबा." त्याने वर दाराकडे पाहिलं. "भाऊजी, मी आता येणार नाही इथे. मला बोलावू नका."

"तू तर प्रत्येक गोष्टीत वाद घालतोस," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "घाल ना आत्ता. सांग मला की मी चुकतोय, तिची प्रकृती सुधारली, म्हणून आठवायला लागलं. सांग ना काहीतरी."

त्याने मान हलवली. "तुम्ही चला माझ्याबरोबर. आत्ताच. अंगावरच्या कपड्यांनिशी चला."

मी एक पायरी खाली उतरलोही. आणि तिथेच अडकलो. निघालो तर मी नक्की कुणाला टाकून निघालो, हे मला सांगता आलं नसतं. वर माझी बायको असेल, तर वर्षभराच्या दुखण्यातून उठलेल्या बाईला मी एका वेड्या संशयापायी सोडत होतो. आणि वर ती नसेल, तर तिला टाकून यायचं काम मी त्या बांधावरच उरकलं होतं.

वरून दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो," तिने हाक मारली. "येताय ना?"

वकिलाने माझा हात सोडला. तो उरलेल्या पायऱ्या उतरून गेला, मागे वळून न बघता. मी कठडा धरला.

"येतो," मी म्हटलं, आणि वर चढायला लागलो.